शेफालीची आई सापडेपर्यंत

२ नोव्हेंबर २००४
मृतांचा दिवस. ह्यांच्या कबरीवर वाडीतली लिली ठेवली, मेणबत्त्या लावल्या. वाऱ्याने ज्योत टिकेना. जाऊ फिलोमिना म्हणाली, "राहू दे अंधार. भावजींना तेवढीच झोप. तू आयुष्यभर पेपर वाचून दाखवलास त्यांना." हसू आलं. तीन वर्षं झाली, तरी पेपरचं पहिलं पान त्यांच्या खुर्चीवर ठेवते आणि आतली पानं मी घेते. सवय.
तिथून तशीच आश्रमात, भाजी पोचवायला. पोलिसांनी मुंबईतून सोडवून आणलेल्या मुली सगळ्या टीव्हीपुढे, एकटी शेफाली, पूर्वेच्या सरहद्दीपलीकडून आलेली, स्वयंपाकघरात. पिशवी घेता घेता म्हणाली, "मावशी, आज रोयी हो?"
नाही म्हटलं.
"झूठ. मेरी मा भी ऐसे ही झूठ बोलती है."
आलीच आई.

९ नोव्हेंबर
आठवड्यातून दोनदा जाते, सिस्टर रेजिनांना स्वयंपाकात मदत म्हणून. आज भरीत केलं. सगळ्या मुलींनी ताट पुसून खाल्लं. शे. ने पण खाल्लं. मग सावकाश, "मा इसमें सरसों का तेल डालती है." गेल्या खेपेला डाळ. त्याच्या आधी भोपळा. त्या बाईने कशाकशात काय काय घातलंय देव जाणे. मी चौथी शिकलेली, वाचायला पुड्यांच्या कागदांवर शिकले, पण चुलीपुढे मला आजवर कोणी नापास केलं नव्हतं.
मूल नाही म्हणून लोकांनी ऐकवलं ते सगळं पचवलं. हे पचत नाही. जिला पाहिली नाही, जिचं नाव माहीत नाही...

१६ नोव्हेंबर
मुंबईहून मेधाताई आल्या. विद्यापीठात अभ्यास करतात. माणसांची चोरटी ने-आण थांबवायला निरनिराळी सरकारं निरनिराळे कायदे का करतात, हा विषय. सिस्टरांनी मला चहा करायला सांगितलं. चहा करून तिथेच बसले.
म्हणाल्या, काही देशांत अशी मुलगी सापडली की आधी कागद विचारतात. कागद नाहीत, मग गुन्हेगार तीच, घाला परत सीमेपलीकडे. काही देश आधी विचारतात, तुला आणलं कोणी? तिने नाव सांगून पोलिसांना मदत केली तरच तिला राहू देतात. इटलीत म्हणे साक्ष न देताही राहता येतं, बरी होईपर्यंत, पुढे कामसुद्धा मिळतं. ज्या देशातून माणसं जातात त्याची भीती वेगळी, जिथे येतात त्याची वेगळी. काही गरीब देशांनी बायकांना परदेशी कामाला जायचीच बंदी केली. मग त्या चोरवाटेने जातात आणि आणखी अडकतात.
मी विचारलं, "आणि आपल्याकडे?"
"आपल्याकडे परत पाठवायचं. पण घर सापडल्यावर. सरहद्दीपलीकडच्या सरकारने 'हो, आमची' म्हटल्यावर."
"नाही सापडलं तर?"
"मग इथेच. कधी कधी वर्षानुवर्षं." आणि माझ्याकडे बघून, "का विचारता?"
"सहज," म्हटलं.
जाताना शे. ने त्यांचा हात धरला होता, फाटकापर्यंत. शिकलेल्या बाईचा हात मऊ असतो. माझे पालेभाजीने काळे.

१७ नोव्हेंबर
वाचनालयातून नकाशांचं पुस्तक आणलं. इटली लांब आहे.
मेधाताईंची आणखी एक गोष्ट डोक्यात राहिली. अमेरिकेचं सरकार दरवर्षी सगळ्या देशांची प्रतवारी लावतं, कोण या कामात पुढे, कोण मागे. खाली घसरलं तर मदत बंद होऊ शकते. आपण मधल्या रांगेत, तेही डोळे वटारून बसवलेले. म्हणून दिल्लीत बैठका. बिशप यायचे असले की आपल्या आळीतला रस्ता झाडला जातो, तसं. पाहुणे गेले की परत कोंबड्या.
पण रस्ता झाडला जातो, हेही खरंच.

२५ नोव्हेंबर
शे. च्या घराचा शोध परत आला. तिने सांगितलेल्या नावाचं गाव त्या जिल्ह्यात नाही, असं पलीकडून कळवलंय. दुसऱ्यांदा. सिस्टरांचा चेहरा पडला. "पोरगी खोटं सांगते की ते शोधत नाहीत?"
मी हळहळले. तोंडाने. घरी येऊन तांदळाची खीर केली, एकटीसाठी. फिलोमिना वासाने आली. "आज काय सण?" काही नाही म्हटलं. एक वाटी तिला दिली.

११ डिसेंबर
आज अर्नाळ्याला गेले. जानकी कोळणीकडून ओले बोंबील घेतले, थोडे सुके पण. किनाऱ्यावर बांबूच्या रांगाच रांगा, बोंबील वाळत टाकलेले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे लोंबतो, एक तिकडे. मी सुकलेल्यातला एक ओढला तर जानकी ओरडली, "बाय, जोडीनंच काढ! येक काढशील त दुसरा खाली परल, रेतीन."
आश्रमात पिशवी रिकामी केली आणि शे. किंचाळली. "लोइट्टा!" त्यांच्याकडे हेच नाव. मी साफ करायला विळी घेते तोवर तिने दोन ओले बोंबील उचलले, बघताबघता जबड्यात जबडा अडकवला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकले. मग आणखी दोन. मला तर शंभर वेळा बघूनही जमत नाही. हात असे चालत होते की ते तिचे नाहीतच, कोणा मोठ्या बाईचे आहेत.
"हे कुठे शिकलीस गं?"
"मा के पास."
"तुमच्या गावाला तर नदी, तू सांगितलंस. हा समुद्राचा मासा."
तिने दोरीवरचे बोंबील काढून पातेल्यात टाकले. जेवताना कालवणात काय कमी आहे तेही सांगितलं नाही.

१४ डिसेंबर
आज सगळं बोलली. कोथिंबीर निवडता निवडता.
गाव नदीने खाल्लं. घर, शेत, आजोबांची कबर, सगळं पाण्यात. ती लहान होती तेव्हा. मग आई तिला घेऊन समुद्राकाठी गेली, मासळी सुकवायच्या वाडीवर. तिथेच झोपडी, तिथेच काम. पोलिसांनी, कोर्टातल्या बाईंनी, सिस्टरांनी, सगळ्यांनी विचारलं घर कुठलं, तर तिने गावाचं नाव सांगितलं. "वाडी घर थोडी है? वो तो सेठ की है. घर तो जहाँ दादा की कब्र है."
बरोबर आहे. मला विचारलं तर मीही माहेरचं भुईगाव सांगते. लग्न होऊन इथे चाळीस वर्षं काढली तरी.
म्हणजे ते लोक नदीत बुडालेलं गाव शोधतायत आणि आई बसलीय समुद्रावर.
"मग सांग ना सिस्टरांना."
नाही म्हणाली. मुंबईत घरकाम आहे म्हणून जिने आणलं ती वाडीच्या मुकादमाची बायको. नाव फुटलं तर आईचं काम जाईल, किंवा आणखी काही. "किसी को मत बोलना मावशी. कसम."
मी डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. इतक्या पटकन घेतली की तिलाही आश्चर्य वाटलं असेल.

१८ डिसेंबर
नाताळाआधीचं पापनिवेदन. मत्सर, म्हटलं.
फादर: "कोणाचा?"
"एका बाईचा. मी तिला पाहिलेलं नाही."
"तिने काय केलंय तुमचं?"
"काही नाही. तिला एक मुलगी आहे."
फादर म्हणाले, तिच्यासाठी प्रार्थना करा. केली. प्रार्थनेत आलं ते असं: देवा, तिला सुखी ठेव, आणि आहे तिथेच ठेव.
शपथेचं सांगितलं नाही. शब्द पाळणं पाप थोडंच आहे. आहे का?

२५ डिसेंबर
चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेनंतर आश्रमात. मुलींनी चांदणी लावली होती, कागदाची, एका बाजूने जास्तच मोठी. आंबवलेल्या पिठाचे गोल फुगे तळले. शे. ने पीठ सोडायला शिकून घेतलं. पहिले वेडेवाकडे, मग अगदी माझ्यासारखे. सिस्टर म्हणाल्या, "कोणते तुमचे, कोणते हिचे, ओळखू येत नाहीत."
दिवसभर आईचं नाव काढलं नाही.
ह्यांच्या खुर्चीवर दोन फुगे ठेवले. छान गेला दिवस.

२७ डिसेंबर
टीव्हीवर सारखी ती लाट. तमिळनाडू, अंदमान, लंका. माणसं वाहून जातात, गाड्या, होड्या. मी आश्रमात पोचले तेव्हा शे. टीव्हीच्या काचेला नाक लावून बसली होती. जेवली नव्हती. बाकीच्या मुली म्हणत होत्या, ही वेडी झाली, हिचं घर तर नदीवर.
तिने माझ्याकडे वळून बघितलं. एवढ्या सगळ्यांत मला एकटीलाच माहीत होतं.
स्वयंपाकघरात येऊन माझा पदर धरला. "उधर भी गया क्या पानी? मावशी, तुम पेपर पढ़ती हो. उधर भी?"
"नाही. तिकडे फारसं नाही," म्हटलं. पेपरात तसंच आहे. पण वाडी कुठे, किनाऱ्याच्या किती जवळ, कोणाला ठाऊक? विचारायचं कोणाला? विचारायला पत्ता सांगावा लागेल.

२९ डिसेंबर
दोन दिवस अन्नावर वासना नाही. ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा रिक्षात बसताना मी विचारलं होतं, परत घरी कधी आणू? डॉक्टरांना नव्हे, ह्यांनाच. म्हणाले, बघू. ते "बघू" अजून कानात आहे. मला निदान माहीत आहे की कोण गेलं, कुठे ठेवलंय, मेणबत्ती कुठे लावायची. त्या बाईला पोरीचं काहीच माहीत नाही. जिवंत आहे की...
आणि तरीही. तरीही मला वाटतं की थांबावं.

३ जानेवारी २००५
सांगितलं.
आधी शे. ला विचारलं. म्हटलं, मी शपथ मोडणार नाही, तू सोडव. ती म्हणाली, "मा को कुछ होगा तो?" मी म्हटलं, सिस्टर पोलिसांना नाही पाठवणार, त्यांच्या ओळखीच्या तिकडच्या एका संस्थेच्या बायका गुपचूप जातील, मासळी विकत घ्यायच्या निमित्ताने. बराच वेळ विचार केला तिने. मग, "तुम बोलो. मेरे मुँह से नहीं निकलेगा."
सिस्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"
"नाताळाआधी," म्हटलं.
माझ्या हातावर नुसता हात ठेवला. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

१४ जानेवारी
मेधाताई परत. लाटेनंतरच्या बातम्या घेऊन. पोरक्या मुलांना पळवतील या भीतीने एका देशाने मुलांना देशाबाहेर न्यायलाच बंदी घातली. एका रात्रीत. मी म्हटलं, मग इतकी वर्षं का नाही?
"तेव्हा जग बघत नव्हतं," त्या म्हणाल्या.
मग माझं म्हणणं सांगितलं, घाबरत घाबरत. तुम्ही एवढे देश पाहिलेत, पण मला वाटतं सगळ्यांचा प्रश्न एकच, ही पोरगी कोणाची. कोणी म्हणतं आमची नाही, घेऊन जा. कोणी म्हणतं आमचीच, हात लावू नका. त्यात आपलं नाव कसं दिसेल ते आधी. पोरीला कोणी विचारत नाही.
मेधाताईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "मावशी, इतकं सोपं पण नाही हो ते. काही ठिकाणी बायकांच्या संघटना भांडून कायदा बदलून घेतात. काही ठिकाणी कोर्ट. माणसं बदलतात म्हणून सरकारं बदलतात."
असेल. पण मी हे बोलले ते देशांकडे बघून नव्हतं सुचलं. माझ्याकडे बघून सुचलं.

२२ फेब्रुवारी
सापडली.
जिवंत आहे. वाडीवरच आहे. संस्थेच्या दोघी गेल्या होत्या. पोरीचं नाव घेतल्यावर खाली रेतीत बसली म्हणे, बोंबील हातात तसेच.
शे. माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. दोघींचं रडणं एकाच कारणाचं नव्हतं, पण कोणाला कळलं नाही. फिलोमिनाला कळलं. घरी आल्यावर म्हणाली, "चेहरा बघ आरशात. कोणी मेलंय की जन्मलंय?"

६ मार्च
फोन आला. सिस्टरांच्या खोलीत. पलीकडून आई, अलीकडून शे., मध्ये खरखर. दोघीही नुसत्या रडत होत्या. मी दाराशी उभी. जावं की थांबावं कळेना. एवढ्यात शे. ने मला बोलावलं. "मा पूछती है, खाना कौन देता है."
कानाला लावला. एक जाड, बसलेला आवाज. भरभर काहीतरी बोलला. मला एक शब्द कळला, लोइट्टा. मी म्हटलं, "हो, हो. बोंबील." तिकडून परत काहीतरी.
"काय म्हणते?"
शे. नाक पुसत होती. "बोलती है, मिर्ची कम डालो. मेरा पेट जलता है छोटे से."
इतके महिने मी तिखट घालतेय. पोरगी एक शब्द बोलली नाही. सरसों बोलली, तेल बोलली, हे नाही बोलली.
मग शे. हसली. "मा गुस्सा है तुमपर."
"का गं?"
"मैंने बोला, मावशी का खाना अच्छा है. तो बोली, हाँ हाँ, अब मेरी शेफू को दूसरी का हाथ मीठा लगता है."
म्हणजे तिलाही.
मला बरं वाटलं, ते लिहून ठेवते. फार बरं वाटलं. घराकडे चालताना लक्षात आलं, ती बाई आत्ता तिकडे रेतीत बसून माझाच विचार करत असेल, मी तिचा करते तसा. मी कशी दिसते, माझा हात कसा चालतो. शेफू. मी कधी म्हटलं नाही. आता म्हणता यायचं नाही, ते तिचं आहे.

१७ एप्रिल
पेपरात रोज डान्स बार बंद करायची चर्चा. पुढारी भाषणं करतायत. सिस्टर म्हणाल्या, बंद झाले तर त्या मुली कुठे जातील याचं कोणी बोलत नाही, आपल्याकडे खाटा मात्र वाढवाव्या लागणार.
शे. चे कागद दिल्लीत. तिथून पलीकडच्या सरकारकडे, तिथून परत. आई सापडली म्हणून काय झालं, शिक्का सापडला पाहिजे. आधी मला वाटायचं, हा उशीर माझ्या बाजूने आहे. आता शे. दाराशी जाऊन टपालवाल्याची वाट बघते तेव्हा मलाच त्या शिक्क्याचा राग येतो. काही दिवस येतो. काही दिवस नाही.
आज कालवणात मिरची अर्धीच घातली. शे. ने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

८ मे
पलीकडून होकार आला. आणि त्याच आठवड्यात मुंबईच्या कोर्टातून निरोप, मुकादमाच्या बायकोचा मुंबईतला माणूस पकडलाय, खटला उभा राहतोय, शे. ची साक्ष हवी. ती गेली तर खटला ढासळेल. राहिली तर किती महिने, कोणी सांगत नाही, आणि इथेच राहावं लागेल, फाटकाच्या आत.
सिस्टर हवालदिल. दिल्लीचं म्हणणं पाठवा. पोलिसांचं म्हणणं ठेवा. मेधाताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, नियमात दोन्ही बसतं.
माझ्या तोंडावर आलं होतं, ठेवा. न्यायासाठी ठेवा. त्या माणसाला शिक्षा नको का? किती चांगलं कारण. शपथेसारखंच.
मी म्हटलं, "सिस्टर, तिला विचारलं का?"
सिस्टरांनी लगेच शे. ला हाक मारली.

९ मे
तिला सगळं नीट सांगितलं सिस्टरांनी, दोन्ही बाजू. मी मुद्दाम बाहेर ओट्यावर बसले, तिने माझं तोंड बघू नये म्हणून. बाहेर आली ती माझ्या शेजारी बसली.
"मावशी, तुम बोलो. क्या करूँ?"
"मी नाही बोलणार."
"क्यों?"
"माझं ऐकू नकोस. माझं खरं नसतं."
तिला वाटलं मी चेष्टा करते. खांद्याला खांदा मारून हसली. मग म्हणाली, वो आदमी को मैं पहचानती हूँ, कोर्ट में बोलूँगी तो और लड़की नहीं आएगी. थोड्या वेळाने, मा की खाँसी बढ़ गई है, फोन में सुना. दोन्ही एकाच सुरात. सिस्टरांकडून पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागून घेतलीय तिने.

१२ मे
पावसाआधी शेवटचे सुके बोंबील आणायचे म्हणून अर्नाळ्याला. जानकी बांबू सोडवत होती. "येवरे कोनाला गो? येकटी त ऱ्हातंस."
"पाहुणीला द्यायचेत. लांब जायचेत, पानी लागता कामा नये." तिच्याशी बोलताना माझंही पाणी 'पानी' होतं.
"कोन पाहुनी?"
"एक बाई आहे. हेच काम करते. तिला दाखवायचेत आपले."
जानकीने मग उठून निवडून दिले, एकसारखे, मोठे. कामातल्या बाईकडे जायचेत म्हटल्यावर तिची इज्जत. जोडी जोडीनेच उतरवले.
घरी येऊन दोन जुड्या केल्या. एक लांबच्या प्रवासाची, कागदात, वर प्लास्टिक, केळीच्या सोपटाने करकचून बांधलेली. आईसाठी. दुसरी आश्रमासाठी, पावसाळाभर पुरेल अशी, कमी मिरचीत करायची.
कुठली लागेल ते रविवारी शे. जे सांगेल त्यावर. दोन्ही फळीवर शेजारी शेजारी ठेवल्यात. घरभर वास. सकाळपासून प्रार्थनेला बसते आणि मागायचं काय तेच...